नियम तोंडात नकोत, फाईलमध्ये हवेत!

आज जरा भांडायच्या मूडमध्ये आहे, आधीच सांगून ठेवतो. शनिवार आहे, चहा झालाय आणि आठवडाभर जे तुंबलंय ते कुठेतरी ओतायचंय.

विषय ऐकाल तर हसाल. कोड लिहिताना ओळ किती आत सरकवायची? महिरपी कंस त्याच ओळीवर उघडायचा की खालच्या? अवतरणचिन्ह एकेरी की दुहेरी? ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायचा की नाही? आयटीत नसलेल्या मंडळींसाठी सांगतो, यातल्या बहुतेक गोष्टींनी प्रोग्रॅम चालण्यात काडीचाही फरक पडत नाही. (पायथनवाल्यांचा सगळा संसार ओळ आत सरकवण्यावरच उभा आहे, पण अवतरणचिन्हांवरून भांडायला तेही मोकळेच आहेत.) आणि तरीही यावरून टीममध्ये जेवढी डोकेफोड होते तेवढी अप्रेझलच्या दिवसांतही होत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. टीमचे कोड लिहायचे नियम यंत्राला वाचता येतील अशा फाईलमध्ये हवेत. ती फाईल एकच हवी. आणि टीमच्या सगळ्या रेपोंनी (म्हणजे कोडच्या वेगवेगळ्या कोठारांनी) नियम त्या एका फाईलमधूनच घ्यायला हवेत. आपापली कॉपी करून ठेवायची नाही. एवढं ज्या टीमला करता येत नाही, ती टीम आपल्यातल्या सगळ्यात नव्या माणसावर रोज थोडा थोडा अन्याय करत असते. शब्द मोठा वाटला? वाचा पुढे.

मी आधी एका कंपनीत होतो. नाव सांगत नाही. आमच्या टीमचे चौदा रेपो होते. एक बिलिंगचा, एक लॉगिनचा, एक रिपोर्टांचा, असे. प्रत्येकाला एकेक सीनियर मालक. अकरा रेपोंमध्ये लिंटरची, म्हणजे कोडमधल्या खोड काढणाऱ्या टूलची, सेटिंग फाईल होती. उरलेल्या तिघांचे नियम मालकाच्या डोक्यात.

तिथे एक मुलगी नवीन लागली. आमच्याच नगर जिल्ह्यातली, तिथल्याच कॉलेजात इंजिनिअरिंग करून थेट पुण्यात आलेली. हुशार. तिने पहिली पुल रिक्वेस्ट टाकली, म्हणजे आपला कोड इतरांना तपासायला दिला, आणि त्यावर चाळीसेक कमेंट आल्या. लॉजिकबद्दल किती? दोन. बाकी सगळ्या अशा: इथे स्पेस हवी, इथे नको, ही ओळ फार लांब झाली, इम्पोर्टचा क्रम चुकला. आणि निम्म्या कमेंटांत तेच ते वाक्य, "आपल्याकडे असं लिहीत नाहीत."

आपल्याकडे! कुठे लिहिलंय हे? कुठेच नाही. नव्या सुनेला स्वयंपाकघरात ऐकावं लागतं त्या जातीचं वाक्य आहे हे. आमच्याकडे आमटीत गूळ घालतात. घालता तर घाला बापडे, पण डब्यावर चिठ्ठी तरी लावा! सून दुसऱ्या दिवशी आठवणीने गूळ घालते, तर सासूबाई म्हणतात, अगं या आमटीत नाही. या मुलीचं अगदी तेच झालं. पुढच्या आठवड्यात ती दुसऱ्या रेपोत गेली, पहिल्या ठिकाणी शिकवलं तसं इमानेइतबारे लिहिलं, आणि तिथल्या मालकाने बरोब्बर उलट्या कमेंटा दिल्या. महिन्याभरात ती मुलगी प्रत्येक ओळ लिहायच्या आधी कुणाला तरी विचारायला लागली. स्टँडअपमध्ये तोंड उघडेना. आणि अप्रेझलमध्ये तिच्या नावापुढे काय लागलं? "कोड क्वालिटीवर काम करायला हवं."

त्या चाळीसांपैकी बहुतेक सगळ्या गोष्टी फॉरमॅटरने फाईल सेव्ह होताना, अर्ध्या सेकंदात, कुणालाही न बोलता दुरुस्त केल्या असत्या.

खरं तर मराठी माणसाला हे प्रकरण नवीन नाही. मराठी लिहायचे नियम काही गुप्त नाहीत. मराठी साहित्य महामंडळाने केलेले १४ नियम सरकारने १९६२ साली मान्य केले, १९७२ मध्ये त्यात ४ वाढले. अठरा नियम, लेखी, सगळ्यांना खुले. 'कवि'चा 'कवी' झाला, 'नांव'वरचा अनुस्वार गेला. पण ते नियम लावणारं यंत्र तेव्हा कुणाकडे नव्हतं. लावायचं काम माणसांकडे गेलं, आणि माणसं काय करतात ते आपल्याला माहीत आहे. 'पानी' म्हटलं म्हणून, 'आनि' लिहिलं म्हणून नगरकडच्या किती पोरांनी पुण्यात हसू ऐकून घेतलंय ते मोजायला गेलो तर हा शनिवार पुरणार नाही. नियम लिहिलेला असला तरी तो लावायचं काम माणसाच्या हातात राहिलं की हळूहळू तो माणूस मोजायची पट्टी होतो. कोण कुठला, कुठल्या कॉलेजचा, 'आपल्यातला' की बाहेरचा, हे त्यातून ठरायला लागतं. आणि इथे तर नियम लिहिलेलेही नव्हते!

म्हणून मला टूल हवंय. टूलला तुमचं गाव माहीत नसतं. ते सीनियरच्या कोडलाही तेच म्हणतं जे फ्रेशरच्या कोडला म्हणतं. सीनियर मंडळींचा टूलला जो विरोध असतो ना, त्यातला थोडा यामुळेच असतो असा मला दाट संशय आहे.

"पण आमच्याकडे डॉक्युमेंट आहे!" हो, असतंच. प्रत्येक कंपनीच्या विकीवर असं एक पान असतं. कोडिंग स्टँडर्ड्स, आवृत्ती १.२. लिहिणारा केव्हाच ऑनसाइट गेलेला असतो. त्यातले निम्मे नियम अशा लायब्ररीचे असतात जी आता कुणी वापरत नाही. ते पान जॉइन झाल्याच्या दिवशी सगळे वाचतात, म्हणजे वाचल्याच्या चौकोनात टिक करतात. जो नियम मोडल्यावर काहीच होत नाही त्याला नियम म्हणू नका, सुविचार म्हणा. शाळेच्या फळ्यावर लिहितात तसा.

त्यातल्या त्यात सुधारलेल्या टीमा काय करतात? एका रेपोत चांगली कॉन्फिग फाईल बनवतात आणि इतर रेपोंत कॉपी-पेस्ट करतात. त्या दिवशी सगळं झकास असतं. आमच्या अकरा फायली अशाच एका फाईलवरून उतरवलेल्या होत्या. मग बिलिंगवाल्याने ओळीची मर्यादा ८० वरून १२० केली. लॉगिनवाल्याने एक नियम रिलीजच्या घाईत 'तात्पुरता' बंद केला. रिपोर्टवाल्याने कंटाळून सगळे एरर वॉर्निंगवर आणले. तीन वर्षांनी मी त्या फायली एकमेकींशेजारी उघडून पाहिल्या तर अकरांतल्या दोनही सारख्या नव्हत्या.

आणि नेवाशाच्या मातीतल्या माणसाला याचं आश्चर्य वाटायला नको! आमच्या तालुक्याच्या गावी, प्रवरेच्या काठी, शके १२१२ म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्या खांबाला टेकून माउलींनी ती सांगितली असं परंपरा मानते तो पैस खांब आजही तिथे आहे. लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा. सुमारे नऊ हजार ओव्या. मग तिच्या प्रती होऊ लागल्या. प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी प्रत. एखाद्याला जुना शब्द कळला नाही, त्याने सोपा घातला. एखाद्याची ओळ सुटली. एखाद्याला वाटलं इथे आपलीही एक ओवी शोभेल, त्याने ती घातली. कुणाच्याही मनात पाप नव्हतं. सगळ्यांचं ग्रंथावर प्रेमच होतं. तरी पावणेतीनशे-तीनशे वर्षांत पाठभेदांचं रान माजलं. शेवटी शके १५०६ म्हणजे १५८४ साली पैठणच्या एकनाथ महाराजांनी मिळतील त्या प्रती ताडून पाहिल्या आणि शुद्ध प्रत सिद्ध केली. एवढंच करून ते थांबले नाहीत. शेवटी त्यांनी बजावून ठेवलं की यापुढे यात कुणी आपली ओवी घुसडली तर ते अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवल्यासारखं होईल. ओपन सोर्सवाले हल्ली प्रोजेक्टसोबत 'बदल करण्यापूर्वी हे वाचा' अशी फाईल ठेवतात ना, तसंच हे, सव्वाचारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीचं.

यातून मी एकच गोष्ट घेतो. प्रत केली की पाठभेद होणारच. माणसं चांगली असोत वा वाईट, हुशार असोत वा मठ्ठ. ज्ञानेश्वरीसारख्या ग्रंथाला प्रेमाने जपणाऱ्यांच्या हातून जे झालं ते तुमच्या कॉन्फिग फाईलचं होणार नाही असं वाटत असेल तर तुमच्या आत्मविश्वासाला सलाम. नकलकाराला हाताने लिहिण्यावाचून इलाज नव्हता. आपल्याला आहे. आपल्याला नियमांची प्रत न करता नुसता त्यांच्याकडे बोट दाखवणारा एक ओळीचा संदर्भ देता येतो. ही सोय हाताशी असून आपण कॉपी-पेस्ट करतो!

एका जागी असण्याचा फायदा बघायचा तर आमच्या जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. २०२४ साली अहमदनगरचं अधिकृत नाव अहिल्यानगर झालं. ज्या सॉफ्टवेअरमध्ये जिल्ह्यांची यादी एका ठिकाणी होती तिथे एक ओळ बदलून काम भागणार. ज्यांनी दर फॉर्ममध्ये यादी वेगळी चिकटवली असेल ते अजून शोधत बसले असतील. नियमांचंही तसंच. नियम बदलणं अवघड असता कामा नये, तो एकदाच बदलावा लागला पाहिजे.

आता विरोधकांकडे वळू.

पहिले स्वातंत्र्यवाले. "कोड ही माझी अभिव्यक्ती आहे, मी कंस कुठे उघडायचा ते मीच ठरवणार." दुष्काळी भागातल्या माणसाच्या कानाला हे वाक्य ओळखीचं लागतं. शेत माझं, बोअर माझी, पाणी माझं! पण जमिनीखालचं पाणी बांध बघत नाही. मी माझ्या शेतात खोल बोअर मारली की शेजाऱ्याची विहीर आटते. कोडचं तसंच आहे. तुम्ही लिहिलेली फाईल तुम्ही एकदा लिहिता आणि पुढे कैक वर्षं दुसरेच वाचतात. तुम्ही तर तोवर तीस टक्के हाइक घेऊन दुसऱ्या कंपनीत गेलेले असता.

हे ज्या गावाला कळलं ते गाव आमच्याच जिल्ह्यात आहे, हिवरे बाजार. १९९० च्या आधी हे गाव दुष्काळ, दारू आणि स्थलांतर यांसाठी ओळखलं जायचं. पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. २०२० मध्ये त्यांना पद्मश्रीही मिळाली. पण मला त्या गोष्टीतला एक तपशील महत्त्वाचा वाटतो. हिवरे बाजारने सगळे नियम शून्यातून शोधले नाहीत. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीच्या कामातून पुढे आली होती. आदर्श गाव योजनेत सामील होणाऱ्या प्रत्येक गावाला ती पाळावी लागते. म्हणजे मूळ नियम सगळ्या गावांना सारखे. हिवरे बाजारने ते घेतले आणि त्यावर आपल्या जमिनीला, आपल्या पावसाला लागतील ते नियम स्वतः वाढवले. शेतीसाठी बोअरवेल नाही. ऊस-केळीसारखी पाणी पिणारी पिकं नाहीत. दरवर्षी पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि यंदा कुठली पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचं. योजनेची पंचसूत्रीही दगडावर कोरलेली राहिली नाही. पुढे तिच्यात लोटाबंदी आणि बोअरवेलबंदी आली आणि ती सप्तसूत्री झाली.

आता हेच वाक्य रेपोंच्या भाषेत वाचा. मूळ नियम एका जागी. प्रत्येक रेपो ते घेतो. गरज असेल तिथे स्थानिक भर घालतो, पण उघडपणे, सगळ्यांसमोर ठरवून. आणि जी भर सगळ्यांच्या कामाची ठरते ती मूळ नियमांत जाते. कोरडवाहू गावांना जे जमतं ते वातानुकूलित ऑफिसात बसून आपल्याला जमू नये?

दुसरे शास्त्रवाले. हे पेप-८ काढून दाखवतात. पायथनचं हे २००१ सालचं शैलीपत्रक स्वतःच म्हणतं की आमच्या नियमांपेक्षा तुमच्या प्रोजेक्टमधली सुसंगती महत्त्वाची. "मग प्रत्येक रेपो वेगळा असला तर काय बिघडलं?" अहो, पण प्रोजेक्ट कशाला म्हणायचं? चौदा रेपो मिळून कस्टमरला एकच प्रॉडक्ट दिसत असेल आणि तेच आठ जण त्या चौदांमध्ये ये-जा करत असतील, तर त्या एका घराच्या चौदा खोल्या झाल्या. दर खोलीत दिव्याचं बटण वेगळ्या भिंतीवर कशाला? शिवाय लोकांना हवं ते वाक्य आठवतं, त्याचं काम आठवत नाही. ते वाक्य तुमचे पाठभेद जपायला लिहिलेलं नाही, आंधळेपणाने नियम लावू नका एवढं सांगायला लिहिलंय.

तिसरे म्हणतात, "आमची शैली सगळ्यात चांगली आहे, तीच सगळ्यांनी घ्यावी." यांच्याशी वाद घालू नका. चांगली शैली कुठली हा वाद कुणीच जिंकलेलं नाही. लिनक्स कर्नलचं शैलीपत्रक तर सुरुवातीलाच सांगतं की जीएनूचे शैलीनियम छापून घ्या आणि न वाचता त्यांची होळी करा! याच्यावर सगळ्यात शहाणा तोडगा गो भाषेच्या लोकांनी काढला. २००९ मध्ये भाषा जगासमोर आली तीच गोफ्मट हे टूल बरोबर घेऊन. त्यात आवडीनिवडीला जवळपास जागाच नाही. ते जसं मांडेल तसा कोड. रॉब पाइक यांनी नंतर मिस्कीलपणे म्हटलं की गोफ्मटची शैली कुणाचीच आवडती नाही, पण गोफ्मट सगळ्यांचं आवडतं आहे. पुढे जावास्क्रिप्टला २०१७ मध्ये प्रेटियर आणि पायथनला २०१८ मध्ये ब्लॅक याच वाटेने मिळाले. शैली कुठलीही घ्या हो. महिनाभर डोळ्यांना टोचते, मग दिसेनाशी होते. दिसेनाशी होणं हेच तर तिचं काम.

चौथे कामसू. "या सौंदर्यप्रसाधनाने बग कमी होतात का?" फेब्रुवारी २०१४ आठवा. ॲपलला आयफोनसाठी घाईघाईने आयओएस ७.०.६ काढावं लागलं. सुरक्षित कनेक्शन तपासणाऱ्या कोडमध्ये 'गोटू फेल' ही ओळ चुकून लागोपाठ दोनदा पडली होती. वरच्या इफला महिरपी कंस नव्हते. दुसरी ओळही पहिलीइतकीच आत सरकवलेली, त्यामुळे बघणाऱ्याला ती इफच्या पोटात वाटायची. प्रत्यक्षात ती बाहेर होती आणि दर वेळी चालायची, म्हणून सर्व्हरची सही तपासण्याची खरी पायरीच टळायची. फॉरमॅटरने ती दुसरी ओळ बाहेर खेचून उघडी पाडली असती. 'इफला कंस सक्तीचे' या नियमाने आधीच बोंब मारली असती. शैली म्हणजे नुसती पावडर-लिपस्टिक नाही. कोड जे करतो ते डोळ्यांना दिसावं यासाठी ती असते. शिवाय साधी गोष्ट, ज्या पुल रिक्वेस्टमध्ये तीनशे ओळी नुसत्या स्पेसच्या बदलल्या आहेत तिथे खरी बदललेली चौथी ओळ कोण बघणार?

पाचवे नवे आहेत. "हल्ली निम्मा कोड एआय लिहितं, आता कसली शैली?" उलट आता जास्त गरज आहे. ते आजूबाजूचं बघून लिहितं. आजूबाजूला तीन पद्धती दिसल्या की चौथी जन्माला घालतं. त्याला "आपल्याकडे असं लिहीत नाहीत" हे ऐकू येत नाही. फाईल मात्र वाचता येते आणि लिंटर चालवता येतो.

एका आक्षेपात मात्र दम आहे, आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. सगळे रेपो एका पॅकेजवर टांगले की ते पॅकेज बिघडलं तर सगळेच बिघडतात. जुलै २०२५ मध्ये अगदी हेच झालं. ईएसलिंट-कॉन्फिग-प्रेटियर हे जगभर वापरलं जाणारं शैलीनियमांचं पॅकेज. ते सांभाळणाऱ्याला फसव्या ईमेलने गंडवलं आणि त्याच्या खात्यातून विषारी कोड असलेल्या आवृत्त्या बाहेर पडल्या. विंडोज वापरणाऱ्यांच्या मशीनना धोका होता. नियमांच्या फाईलमधून व्हायरस! यावर उपाय आहे आणि तो कंटाळवाणा आहे. आवृत्ती ठरावीक आकड्यावर बांधून ठेवा, नवी आली की त्याच दिवशी धावून घेऊ नका, आणि आपल्या टीमचं पॅकेज कंपनीच्या आतल्या रजिस्ट्रीत ठेवा. या भीतीने पुन्हा कॉपी-पेस्टकडे जाणं म्हणजे नळाला एकदा गढूळ पाणी आलं म्हणून नदीवर हंडा घेऊन जाणं.

नुसतं भांडून थांबलो तर तुम्ही म्हणाल, बोलणं सोपं आहे. तर हे घ्या, करायचं काय:

१. नियमांसाठी एक वेगळा रेपो करा. त्यातून आवृत्ती क्रमांक असलेलं पॅकेज काढा. ईएसलिंटमध्ये नियमांचा संच असा पॅकेज करून वाटायची सोय आहे. बाकीच्या रेपोंमध्ये फक्त 'अमुक पॅकेजचे नियम घे' एवढी ओळ हवी.

२. स्पेस, कंस, ओळींची लांबी हे सगळं फॉरमॅटरवर सोडा आणि त्याची मूळ सेटिंग आहेत तशी घ्या. मीटिंग घेऊ नका. मीटिंग घेतलीत तर दोन तास गेले आणि दोन मित्रही.

३. स्थानिक अपवादाला मुभा द्या, पण अपवादाशेजारी कारण आणि तारीख लिहायची. कारण लिहिता येत नसेल तर अपवाद नाही. 'तात्पुरता' हा शब्द कारण म्हणून चालणार नाही.

४. नियम एडिटरमध्ये सेव्ह होताना लागले पाहिजेत आणि मर्ज होण्याआधी सर्व्हरवर पुन्हा तपासले गेले पाहिजेत. जिथे टूल बोलू शकतं तिथे माणसाने बोलायचं नाही. शैलीवर कमेंट करायची हुक्की आली तर नियमांच्या रेपोत प्रस्ताव टाका. तिथे सगळ्यांना उत्तर देता येतं, फ्रेशरलाही.

५. जुना कोड एका झटक्यात फॉरमॅट करा, वेगळ्या कमिटमध्ये, दुसरा एकही बदल न मिसळता. "मग प्रत्येक ओळीवर माझंच नाव येईल" ही भीती जुनी झाली. ऑगस्ट २०१९ च्या गिट २.२३ पासून अशा कमिट ब्लेममधून वगळता येतात.

६. नवा नियम आणताना एका आवृत्तीत वॉर्निंग, पुढच्या आवृत्तीत एरर. आणि नियम थोडे ठेवा. आर्किटेक्चर टीमने वरून तीनशे नियम पाठवले की लोक नियम पाळत नाहीत, लिंटर बंद करायची युक्ती शोधतात. हिवरे बाजारचे नियम टिकले कारण ते ग्रामसभेत ठरले. कलेक्टर ऑफिसातून आलेलं नुसतं परिपत्रक असतं तर पहिल्याच उन्हाळ्यात कुणीतरी रात्रीत बोअर मारली असती.

एवढं केल्यावर रिव्ह्यू करणाऱ्यांना काय काम उरतं? खरं काम उरतं! नाव नीट दिलंय का, हे फंक्शन इथे हवं का, पेमेंट मध्येच तुटलं तर पैसे कुठे जातील, हे टूलला कळत नाही. ते शिकवायला माणूसच लागतो. त्या मुलीला लॉजिकवरच्या ज्या दोन कमेंट मिळाल्या होत्या ना, त्या खरोखर चांगल्या होत्या. तिला त्यातून काहीतरी शिकता आलं असतं. पण स्पेस आणि कंसांच्या ढिगाऱ्यात त्या दोन तिला दिसल्यासुद्धा असतील का, शंका आहे. तिच्यासारखी पोरं दर जूनमध्ये एसटीत बसून पुण्याला येतात. पहिल्या महिन्यात त्यांना कोड लिहायला शिकवायचं की आपल्याकडच्या रीतीभाती, एवढाच प्रश्न आहे.

तर सोमवारी ऑफिसला गेल्यावर एक काम करा. तुमच्या टीमच्या सगळ्या रेपोंमधल्या कॉन्फिग फायली गोळा करा आणि एकमेकींशी ताडून बघा. किती पाठभेद निघतात ते मोजा, आणि तो आकडा स्टँडअपमध्ये मोठ्याने वाचून दाखवा. पुढचं भांडण आपोआप सुरू होईल, त्याची काळजी नको.

बाकी टॅब की स्पेस? मला विचारू नका राव. फाईलला विचारा.